पुलावर सांगायचं असतं

सेल्वाने नावाची ती मुलगी लग्न होऊन डर्बनला आली त्याला सात आठवडे झाले होते, आणि या सात आठवड्यांत तिनं समुद्र एकदाच पाहिला होता. तोही घरामागच्या टेकाडावरून, पाण्याच्या दोन टाक्यांमधल्या फटीतून. नवी सून म्हणजे डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, नजर खाली आणि पहाटे सगळ्यांच्या आधी चूल. यातलं तिला काही जड गेलं नाही. तिच्या माहेरी, डोंगरातल्या सोथो लोकांतही, सुनेला असंच राहावं लागे. जड जात होती ती भाषा. इथली झुलू तिला समजायची, पण बोलायला तोंड उघडलं की नणंद फुम्ला हसू लपवायला ओठांवर हात ठेवायची. म्हणून ती गप्प राही. आणि गप्प राहणाऱ्या माणसाला दिसतं फार.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी सासूनं तिला बाजारात धाडायचं ठरवलं. एकटीला. सासूचे, म्हणजे माचेलेंचे, गुडघे थंडीनं धरले होते. नवरा सिबोनेलो बंदरावर पाळीला होता आणि फुम्लाला कामावर जायचं होतं. बाजार पुढं ढकलता आला असता, पण फांदी नाही.

सासरे चार महिन्यांपूर्वी शहरातल्या इस्पितळात वारले. देह घरी आणला, पुरला, माणसं जेवून गेली. पण सासरे स्वतः अजून आले नव्हते. जिथं माणूस गेला तिथून त्याला काट्याच्या झाडाची फांदी घेऊन आणावं लागतं, आणि ते काम घरच्या थोरल्या पुरुषाचं. ते थोरले काका गावाहून उद्या, रविवारी, यायचे होते. फांदी आज घरात हवी होती.

"चार महिने त्या खाटेपाशी उभे असतील," माचेले म्हणाल्या. "त्यांना उभं राहायची सवय नाही गं."

सेल्वानेच्या माहेरी ही रीत नव्हती. फांदीनं माणूस कसा आणतात हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. फांदी आणायची, पालक आणि टोमॅटो आणायचे, साबण आणायचा; तिच्या मनात एवढंच होतं. आणि एक गोष्ट होती, जी ती कोणाला बोलली नसती. या घरानं पहिल्यांदाच तिच्या हाती काहीतरी सोपवलं होतं. ते नीट पार पडायला हवं होतं.

फुम्लानं चहा पिता पिता धडा दिला. "वहिनी, नीट ऐक. शहरात जायचं तर रस्त्याकडेला उभं राहून बोट वर. असं. बोट खाली केलंस तर टॅक्सीवाला तुला इथल्या इथं फिरवून आणील. बसायचं मधल्या रांगेत. ड्रायव्हरशेजारी नाही, तिथं बसलं की सगळ्यांची सुटी नाणी आपल्या मांडीवर. मग हिशेब सांगतानाची तुझी झुलू ऐकून लोक चालत्या गाडीतून उतरतील."

"हो, ताई."

"गाडी भरेपर्यंत सुटत नाही. एक जागा रिकामी असली तरी नाही. चिडायचं नाही, बसून राहायचं. पिशवी पोटाशी. वाट विचारायची तर बसलेल्या बाईला विचार. उभ्या माणसाला स्वतःलाच कुठंतरी जायचं असतं. मसालेवाल्यानं पहिला भाव सांगितला की नुसतं हस. बोलू नको. ते तुला जमेल."

सेल्वाने हसली.

"बघ, जमलं. आणि परत येताना खुणा म्हणत ये. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा मोठ्यानं म्हणत आले. ही मशीद, हा पूल, हा पेट्रोल पंप. चुकले नाही."

बाजार तिला आवडला. कोवळ्या उन्हात, परतलेल्या मिरचीचा, डिझेलचा आणि सोललेल्या अननसाचा वास एकात एक मिसळला होता. मसालेवाल्यापुढं ती हसली आणि त्यानं भाव उतरवला. ती हसतच राहिली तेव्हा त्यानं वर एक लसूण घातला. टोमॅटो झाले, पालक झाला. मग ती जडीबुटीच्या बाजारात चढली. अर्धवट सोडून दिलेल्या एका उड्डाणपुलावर तो भरतो. खालून गाड्या जातात आणि वर साली, मुळ्या, वाळलेले कंद, कशाकशाची कातडी. चेहऱ्याला तांबडी माती लावलेल्या एका बाईनं फांदी काढून दिली. पानं हिरवी, चकचकीत. प्रत्येक पेराला दोन काटे, एक सरळ पुढं गेलेला आणि एक मागं वाकलेला.

"कोणासाठी?"

"सासऱ्यांसाठी. उद्या काका आणतील."

"मग झाकूनच ने." बाईनं फांदी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोरी बांधली. "उघडी करू नकोस."

उतरताना सेल्वाने जिना चुकली.

खाली आली तो एक बोळ. एका बाजूला भाजीच्या गोदामांची पाठ, दुसऱ्या बाजूला जुनं कामगारांचं वसतिगृह. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, दाराला साखळी. बाजार पाच पावलांवर असेल, पण त्याचा गलका दाराआड गेल्यासारखा दबला. ऊन होतं, तरी भिंत गार होती. ती पुढं गेली तसा बोळ संपायच्या ऐवजी वळला आणि आणखी एका तशाच बोळात शिरला. गर्दीत कुणाच्या तरी बाहीला अडकून वर्तमानपत्र फाटलं होतं, हे तिला तेव्हा दिसलं. फांदीची पानं बाहेर आली होती.

ती भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसली. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता, वर्षानुवर्षं कोणीतरी बसल्यासारखा. रडू येईल असं वाटलं. मग लहानपणी आई उठवायची तसं तिनं स्वतःला सोथोत, मोठ्यानं सांगितलं, "उठ आता. किती वेळ बसणार? चल, घरी जाऊ."

ती उठली. फांदी उठली नाही.

काटा कशात तरी रुतल्यासारखी ती मागं ओढली गेली. सेल्वानेनं वळून पाहिलं. कट्टा रिकामा होता. मग ओढ सुटली, आणि फांदी हातात आली ती आधीपेक्षा जड.

"इथून डावीकडे," ती पुटपुटली, कारण फुम्लानं सांगितलं होतं. "ही भिंत संपली. हा नळ. आता उजवीकडे…"

नळापाशी मक्याची कणसं भाजत बसलेल्या बाईला तिनं वाट विचारली. बाईनं फांदीकडं पाहिलं, हात पुसले, अदबीनं वाट दाखवली आणि उठून उभी राहिली. बसलेली बाई उठते, हे फुम्लानं सांगितलं नव्हतं.

टॅक्सीत मधल्या रांगेत खिडकीपाशी ती बसली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाणी बंद केली. लोक चढत होते. कोणी तिच्या शेजारी बसलं नाही. एक धिप्पाड माणूस आत आला, त्या जागेकडं पाहून त्यानं टोपी काढली आणि मागं जाऊन आपल्या पिठाच्या पोत्यावर बसला. मग गाडी सुटली, एक जागा रिकामी ठेवून.

नव्या सुनेला इथं किती मान देतात, असं सेल्वानेच्या मनात आलं. पण ते तिला पटेना.

सगळ्यांनी पैसे पुढं दिले. पुढून कोणीतरी हळू आवाजात विचारलं, "फांदीवाल्या बाईंचं… दोघांचं ना?"

तिच्याकडं एकाचेच सुटे होते. मागच्या रांगेतून एका म्हातारीचा हात पुढं आला. "मी देते. घ्या."

"आजी, मी एकटीच आहे," सेल्वाने म्हणाली.

कोणी हसलं नाही. तिची झुलू ऐकूनसुद्धा नाही.

शेजारच्या जागेचं रेक्झिन हळूहळू खाली बसलं, कोणी अवघडून टेकावं तसं. आणि वास आला. ओल्या लोकरीच्या घोंगडीचा आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या धुराचा. डर्बनमध्ये गोवऱ्या कोणी जाळत नाही. हा वास तिच्या गावचा होता, बर्फ पडलेल्या सकाळचा. तिनं खिडकीकडं तोंड केलं. काचेत रांग दिसत होती, तिचा रुमाल दिसत होता, आणि शेजारी काहीच नव्हतं.

मागच्या आजी तिच्या कानाशी वाकल्या. "गप्प का बसलीस, बाळा? सांगत राहा त्यांना. वाट कशी कळणार?"

"कोणाला, आजी?"

आजींनी फांदीकडं बोट केलं. "तुला कोणी सांगितलं नाही का गं… फांदी उघडी धरायची, ऊठ म्हणायचं, घरी जाऊ म्हणायचं. मग ते येतात. मग प्रत्येक वळण सांगायचं. आता पूल येईल. पुलावर तर सांगायचंच असतं. नाही सांगितलं तर माणूस नदीच्या अलीकडेच राहतं. तिथं कोणी शोधायलाही येत नाही."

त्या कट्ट्यावर सेल्वाने नेमकं तेच म्हणाली होती. सासऱ्यांचं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे सासरे नव्हते. सासऱ्यांची फांदी तिनं भलत्यालाच देऊन टाकली होती. घरात भलतंच कोणी शिरलं तर माचेले काय म्हणतील? पहिलंच काम, आणि ते असं. तिला माहेरी पोचवून येतील.

फक्त गप्प राहायचं होतं. नदी जाईपर्यंत, पाऊण मिनिट. गप्प राहण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाला कळलंही नसतं.

पूल आला. खाली उम्गेनी नदीचं पाणी हिवाळ्यानं आटून गढूळ झालेलं. शेजारचं रेक्झिन थरथरत होतं. गाडीच्या धक्क्यानं असेल. पण धक्का नसतानाही ते थरथरत होतं.

त्या झिजलेल्या दगडाची तिला आठवण झाली. किती वर्षं. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांतलं एकही माणूस ऊठ म्हणालं नसेल, निदान कळेल अशा भाषेत तरी.

"हा पूल आहे," ती झुलूत म्हणाली. काहीच झालं नाही. मग तिनं डोळे मिटले आणि सोथोत म्हणाली, "नदी आली. पाण्याकडं बघू नका. माझ्याबरोबर पलीकडं चला."

शेजारी कोणीतरी श्वास सोडला.

मग ती सांगतच राहिली. पेट्रोल पंप, शाळा, निळं चर्च, चढ. इतकं ती सात आठवड्यांत बोलली नव्हती. उतरताना ड्रायव्हर खाली आला आणि त्यानं दार धरून ठेवलं. ती उतरल्यावरही, आणखी थोडा वेळ.

माचेले फाटकात उभ्या होत्या. त्यांनी उघडी फांदी पाहिली. मग सेल्वानेच्या बाजूला, खांद्याच्या जरा वर पाहिलं.

"कोण आहे?"

"माहीत नाही, आई. माझी भाषा समजते."

"बाई की पुरुष?"

"मी विचारलं नाही."

"तू बोलावलंस?"

"चुकून. वाट चुकले, आणि स्वतःलाच म्हणाले, घरी जाऊ म्हणून." तिनं शालीच्या टोकानं डोळे टिपले. "बाबांची फांदी गेली, आई."

माचेलेंनी गुडघा चोळला. बराच वेळ चोळला. "झाडाला फांद्या पुष्कळ असतात," त्या शेवटी म्हणाल्या. "पाहुण्याला फाटकात काय उभं करतेस? आत घे. आणि रडू नको, टोमॅटो चेंगरतायत."

संध्याकाळी फुम्ला दुसरी फांदी घेऊन आली, तीन पदरी गुंडाळलेली. "मी खुणा म्हण म्हटलं होतं, वहिनी. फांदी हातात धरून म्हण असं कुठं म्हटलं? लोक बाजारातून लसूण फुकट आणतात. तू माणूस आणलास."

रविवारी काका गेले आणि सासऱ्यांना घेऊन आले. काही अडलं नाही. सासऱ्यांसाठी मक्याची बियर जमिनीवर ओतली, काकांनी सासऱ्यांना घर दाखवलं, भिंतीला दिलेला नवा रंग दाखवला, आणि माचेले त्या दिवशी दुपारी चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपल्या. बियरचा एक वाडगा त्यांनी आपणहून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही ठेवला होता. "त्यांनाही तहान असेल," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस सेल्वानेला फार चांगले गेले. कोपऱ्यातून अधूनमधून गोवऱ्यांचा धूर येई. चुलीपाशी ती सोथोत बोले, बर्फाबद्दल, मेंढ्यांबद्दल, आज डाळ करपली त्याबद्दल. उत्तर कधी आलं नाही. पण कोणी ऐकत असलं की भांड्यांचा आवाजसुद्धा वेगळा येतो. सिबोनेलो म्हणाला, तू जाडी झालीस. ती म्हणाली, हो. झुलूत म्हणाली, आणि फुम्ला हसली नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला, वारा सुटलेल्या एका सकाळी, ती मागल्या अंगणात चादरी वाळत घालत होती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून माचेलेंचा आवाज येत होता, कोणाशी तरी निवांत बोलतानाचा, मध्येच हसतानाचा. सेल्वाने चादरीचा कोपरा ताणत राहिली. काहीतरी खटकत होतं. काय ते कळायला तिला वेळ लागला, कारण तिला सगळं सहज समजत होतं.

माचेले सोथो बोलत होत्या. ज्यांना सोथोत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, त्या माचेले. आणि बोलत होत्या ते अगदी डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांसारखं, शेवटचा शब्द लांबवत.

"घाई कसली," त्या म्हणत होत्या. "मलाही कळतं, तुमचं घर हे नव्हे. तिनं कबूल केलंय ना, घरी जाऊ म्हणून, मग ती नेईल तुम्हाला वर डोंगरात. मी तिला सांगेन." मग आवाज खाली आला. चादर फडफडायची थांबली म्हणून ऐकू आला, इतका खाली. "पण तिला परत पाठवाल ना?"

सेल्वाने हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिली. आतलं कोणी काय म्हणतं, ते ऐकत.

माचेलेही ऐकत होत्या. दाराच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती, कोपऱ्याकडं वाकलेली, उत्तराची वाट बघणारी. आणि ती पाठ तशीच राहिली, बराच वेळ.