बिनडागाचं लाकूड

"दारात काय उभा राहिलास? बादल्या आण! दोन्ही!" टिचकी ओरडली.

"कसल्या बादल्या? आत्ता तर आलोय! अजून चपलासुद्धा..." भोंगाचं लक्ष टाकीकडे गेलं आणि एरवी चार घरांपलीकडे ऐकू जाणारा त्याचा आवाज एकदम बसला. "अगं, हे सगळे वर काय करताहेत?"

टिचकीच्या मामाचा, म्हणजे भोंगाच्या बाबांचा, दातांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोल्यांत होता. पेशंट बसायच्या खोलीत माशांची मोठी काचेची टाकी होती. आज त्यातले सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. बुवासुद्धा! बुवा म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा काळा मासा. इतका लाजाळू, की दिवसा कुणाला दर्शन द्यायचा नाही.

त्याला लपायला जागा हवी, म्हणून तर टिचकीने सुट्टी लागल्यापासून नदीकाठी सापडलेल्या त्या वाकड्या लाकडापायी जिवाचं रान केलं होतं. साल खरवडली. ब्रशने घासघासून घासलं. मामीच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळलं आणि त्याबद्दल पोटभर बोलणी खाल्ली. मग दिवसचे दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. पाणी रोज चहासारखं व्हायचं, ती रोज बदलायची. शेवटी एकदाचं लाकूड तरंगायचं थांबून तळाला बसलं, तेव्हा ती अंगणभर नाचली होती. आणि मग भोंगा, त्याची धाकटी बहीण शेपटी आणि ती असे तिघं मावशीकडे जाऊन आले. येऊन बघतात तर लाकूड टाकीत आणि मासे असे!

आतून मामा आला. तोंडावरचा मास्क हनुवटीवर लटकत होता.

"आलात? बघा तुमच्या लाकडाचे प्रताप! म्हटलं, पोरं यायच्या आत टाकीत ठेवून गंमत करू. तर कालपासून हे! टिचके, विषारी लाकूड आहे ते. संध्याकाळी टाकी देऊन टाकणार आहे मी. पेशंटसमोर मेलेले मासे नकोत मला."

टिचकीचे डोळे भरून आले. पण रडायला वेळ होता कुठे?

"संध्याकाळी ना? मग तोवर टाकी माझी!" ती म्हणाली.

माशांना नळाचं ताजं पाणी चालत नाही, म्हणून मागच्या अंगणात पिंपात शिळं पाणी भरून ठेवलेलंच होतं. टबात ते ओतलं, हवेचा पंप लावला आणि जाळीने एकेक मासा त्यात सोडला. एक छोटा लाल मासा मात्र हललाच नाही. शेपटी मुसमुसायला लागली. टिचकीने तिला जवळ घेतलं, पण तिचे स्वतःचे दात घट्ट आवळलेले होते.

"तुझं लाकूडच वाईट असेल गं," भोंगा हळूच म्हणाला. म्हणजे त्याच्या मानाने हळू.

"असेल तर मीच फेकून देईन. पण आधी कळू दे! शेपटे, टाकीतलं पाणी कसं आहे, सांग."

"छान आहे. काचेसारखं."

"तेच म्हणते मी! छान कसं? पिवळसर नको का व्हायला? आणि त्या लाकडाला दगड कशाला बांधलाय? ते तर आपलं आपण बुडत होतं!"

"म्हणजे कुणीतरी बाहेर काढून वाळवलं!" भोंगा ओरडला. "आणि पाण्यावर बघ, तेलकट रंगीत साय आलीय!"

तेवढ्यात शेपटी मागच्या अंगणात पळाली आणि आपली लाडकी बादली ओढत घेऊन आली. लाकूड टाकीत मावेना म्हणून मावशीकडे जायच्या आधीच कापलेला तुकडा त्यात बुडलेला होता. पाणी चांगलं चहासारखं होतं आणि शेपटीने सोडलेल्या पाणगोगलगायी त्या तुकड्यावर मजेत फिरत होत्या.

"त्याच लाकडाचा तुकडा! मग हा का नाही विषारी?" टिचकीने टाकीतलं लाकूड उचललं आणि नखाने खरवडलं. पातळ चकचकीत पापुद्रा निघाला. तिने वास घेतला. मग गुडघ्यावर बसून खोलीतल्या नव्या लाकडी बाकाचा वास घेतला. बाकावर गाल धरून बसलेल्या काकू घाबरून सरकल्या.

"पॉलिश!" टिचकी कुजबुजली. "बाकाला कुणी लावलं होतं?"

"बाबांनी," भोंगा म्हणाला. "पण विचारलं तर कबूल होतील होय? छे!"

"विचारायचं नाही. कौतुक करायचं."

भोंगाने छाती भरून श्वास घेतला. "बाबा! हे लाकूड काय चकाकतंय हो! एकदम दुकानातल्यासारखं! कुणाचं काम?"

मामा दारात आला. फुलला की! "कुणाचं म्हणजे? माझं! कडक उन्हात वाळवलं आणि बाकाचं उरलेलं पॉलिश होतं, त्याचे दोन हात मारले. तो पिवळा रंग मला बघवेना. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात, दातावर असो नाहीतर..."

आणि तो थांबला. टिचकीने बादली त्याच्यासमोर ठेवली. गोगलगायी संथपणे चालल्या होत्या. तोंडात कापूस असूनही काकूंना हसू आवरेना.

मामा मटकन बाकावर बसला. "मला वाटलं, रंग सुटला नाही तर माशांना बरं."

"रंग लाकडाचाच असतो, मामा. त्याने माशांना काही होत नाही. पॉलिश पाण्यात उतरलं," टिचकी म्हणाली. इतका वेळ आवरलेलं रडू आता फुटलं. "तो लाल मासा गेला रे!"

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलो, बाळा. तुझ्या मेहनतीवर मी पॉलिश फासलं आणि वर तुलाच बोललो." मग त्याने बाह्या सरसावल्या. "चला, टाकी घासायला मी पण येतो. घासायचं काम माझ्याइतकं कुणाला येतंय?"

संध्याकाळी टाकी रिकामी झाली खरी, पण पुन्हा भरण्यासाठी! नवी वाळू, शिळं पाणी आणि मधोमध तो कापलेला तुकडा. बुवा तीरासारखा त्याच्याखाली घुसला आणि लाकूड खरवडायला लागला. "पोरं माझ्यापेक्षा बरी डॉक्टर आहेत," मामा मामीला म्हणाला, आणि मामीने पातेल्याचा गुन्हा माफ केला.

सुट्टी संपत आली तोवर टाकीतलं पाणी फिकट चहासारखं झालं होतं. एक आजोबा नाक मुरडून म्हणाले, "डॉक्टर, पाणी पिवळं पडलंय. साफ करत नाही वाटतं?"

"तो डाग माझ्या भाचीने मोठ्या कष्टाने आणलाय," मामा ठणकावून म्हणाला. "त्याला हात लावाल तर भूल न देता दात काढीन!"