दीड दिवसाने उठलेले फोड

"मॅडम, लवकर या! लोकांनी दवाखाना घेरलाय!"

फोन रचनाचा होता. थळ गावातल्या डॉक्टर तेजस्वींच्या त्वचेच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. उपनिरीक्षक शिवानी घरत पोहोचली तेव्हा काचेचं दार फुटलेलं होतं आणि उंबऱ्यावर गुणाजी कोळी छाती बडवत होता.

"माज्या प्रांजलीचं डोकं जाळलं हिनं! आत टाका हिला!"

बडवणाऱ्या हाताच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर काळे डाग होते. शिवानीने विचारलं, "हे काय, काका?"

"होडीचं डांबर."

प्रांजली गुणाजीची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर चाई पडली, चकत्याचकत्यांनी केस गेले. तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. इथे थंड प्लाझ्माचे, म्हणजे यंत्रातल्या गार ज्योतीचे, उपचार घेतल्यावर चकत्यांवर बारीक लव दिसू लागली होती. सहावी बैठक सोमवारी संध्याकाळी झाली. बुधवारी पहाटे डोकं फोडांनी भरलं.

आत डॉक्टर फुटलेल्या काचा गोळा करत होत्या.

"यंत्र कोणी चालवलं?" शिवानीने विचारलं.

"मीच. रचना फक्त शेजारी उभी होती."

"दाखवा."

पेनासारख्या नळीच्या टोकाला जांभळी ज्योत उमटली. शिवानीने मनगट पुढे केलं. गार झुळूक लागावी तसं वाटलं.

"याने भाजू शकतं?"

"चुकीचं वापरलं तर भाजेल. पण मग तासाभरात कळतं. आणि ज्योत मी फक्त चकत्यांवर फिरवते."

"घरी काय लावायला सांगता?"

"दुसऱ्या दिवसापासून साधं खोबरेल. बस."

बाहेर आरडाओरडा वाढला. कोणीतरी रॉकेलचा डबा आणल्याचं हवालदाराने येऊन सांगितलं. त्याला दारात उभं करून शिवानी गुणाजीला घेऊन तडक त्याच्या घरी निघाली.

अंगणात पांढरीशुभ्र फायबरची होडी उपडी घातलेली होती. आत प्रांजली भिंतीकडे तोंड करून बसली होती. फोड चकत्यांपुरते नव्हते. कानामागून ओघळत मानेपर्यंत त्यांची रांग गेली होती. उशीच्या अभ्र्यावर तपकिरी काळे डाग होते.

"तेल कधी लावलंस?"

"मंगळवारी सकाळी."

"बाटली कुठाय?"

"बाबांनी टाकली. संपली म्हणाले. अर्धी तरी होती."

"आणि हा अभ्रा?"

"दोनदा धुतला. डाग जात न्हाय."

शिवानी गुणाजीकडे वळली. "काका, फायबरच्या होडीला डांबर कशाला लागतं?"

गुणाजीने हात पाठीमागे नेला.

"डांबर रॉकेलने निघतं. हे बोटांवरून निघालं नाही, धुऊन अभ्र्यावरूनही नाही, कारण हा बिब्बा आहे. परीट कपड्यावर खूण करतात तोच. त्याचं तेल अंगाला लागलं की लगेच काही होत नाही, दिवसभराने फोड येतात; तुमच्या राठ बोटांवर नुसते डाग उरले. सोमवारच्या ज्योतीने भाजलं असतं तर सोमवारीच कळलं असतं. मंगळवारच्या तेलाने बुधवारी फोड उठले. ज्योत चकतीवर थांबते, तेल मानेवर ओघळतं. खोबरेलात बिब्बा तुम्ही मिसळलात. मग बाटली फेकून गाव डॉक्टरांवर सोडलंत."

गुणाजीने हात पुढे घेऊन डागांकडे पाहिलं.

"दोनचार फोड येतील वाटलं व्हतं," तो पुटपुटला. "डॉक्टरबाईवरचा इश्वास उडेल, उपचार बंद व्हतील. केस आले की ही लांब तळा गावच्या शाळंत नोकरीला जानार. हिची आय गेल्यापासून घरात दुसरं कोन हाय मला?"

प्रांजली पहिल्यांदाच भिंतीकडून वळली.

"बाबा, केस न्हाय आले तरी मी येत्या सोमवारी जानारच व्हते. शाळंला हो म्हणून कधीच कळवलंय."

मग तिने शिवानीकडे पाहिलं. "मॅडम, आधी लोकांना सांगा. डॉक्टरबाईंना काय व्हायला नको. बाबांविरुद्ध तक्रार मी लिहून देते."