तीन डब्यांची आग

"माझं सगळं आयुष्य त्या तीन डब्यांत होतं हो," बाई म्हणाल्या.

एके काळी नाटकं गाजवून बाई मूकपटांत गेल्या होत्या. त्यांचा एकच चित्रपट आता शिल्लक होता, आणि उद्या संग्रहालयाची माणसं तो न्यायला येणार होती. आज दुपारी कपाट पेटलं आणि फिल्म गेली.

गुप्तहेर नाना कपाटापाशी वाकले. राखेचा ढीग होता, फळ्या नुसत्या काळवंडल्या होत्या.

नानांच्या मेहुण्याचा संशय नेहमीच सगळ्यात सोप्या माणसावर बसायचा. या वेळी तो खालच्या मजल्यावरच्या फोटोग्राफरवर बसला, कारण तो कधीपासून डबे विकत मागत होता. पण फोटोग्राफर सकाळपासून एका लग्नात होता आणि अख्खं वऱ्हाड साक्षीला होतं. मेहुण्याचं तोंड उतरलं.

भिंतीवर बुरुजावरून नदीत झेपावणाऱ्या बाईंचं चित्र होतं. त्याच चित्रपटातल्या या उडीनंच आपल्याला नाव मिळालं, असं त्या म्हणाल्या. नानांनी त्यांना बोलायला बाल्कनीत बोलावलं, तर त्या दारातच थांबल्या. लहानपणापासून उंचीवर भोवळ यायची म्हणे.

धाकटी बहीण पाय ओढत चहा घेऊन आली. तरुणपणी पडले, एवढंच तिनं सांगितलं. आग तिनंच विझवली होती, एका बादलीभर पाण्यानं.

नानांनी कप खाली ठेवला आणि धाकटीकडे पाहिलं.

"जुनी फिल्म पेटली की पाण्याखालीही जळत राहते. तीन डबे पेटले असते तर ही खोली उरली नसती, आणि राखेत डब्यांचा पत्राही नाही. तुम्ही कागद जाळलेत."

"पण सख्खी बहीण असं का करेल?" मेहुण्यानं विचारलं.

"ज्यांना बाल्कनीत उभं राहवत नाही, त्या बुरुजावरून उडी कशी मारतील? उडी यांनी मारली. पाय तिथेच गेला."

बाईंनी मान खाली घातली. धाकटीनं पलंगाखालून डबे ओढून काढले.

"फिल्म कशी जळते ते मला कोण सांगणार? मला उडीपुरतंच बोलावलं होतं." मग ती बहिणीकडे वळली. "यात उडीआधी मी दोन्ही पायांवर धावते, ताई. खिडकीच्या उजेडात धरून बघते मी कधीकधी."

मेहुण्याला फार वाईट वाटलं. हा गुंता सुटला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"उद्या सांगेन त्यांना, उडी तुझी होती म्हणून," बाई म्हणाल्या.

"नाव नको मला. डबे तेवढे राहू देत."

बाईंनी एकेक करून तिन्ही डबे उचलले आणि सकाळी संग्रहालयाच्या माणसांना न्यायला सोपे पडावेत म्हणून दाराशी नेऊन ठेवले.