यशयाची मूठमाती

लिडियाबाई इजिप्तला निघाल्या, तेव्हा सोबत निघालेल्या भाची एंजेलाने त्यांच्या बॅगेतून शेंगदाण्याची चटणी तीनदा बाहेर काढली आणि ती चारदा आत गेली. नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटला दहा दिवस कुलूप लावणं मात्र बाईंच्या जिवावर आलं होतं. त्याचं कारण एंजेलालाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, यशयाला, पुरताना सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. बाईंनी टाकली नाही. मूठमाती दिली की माणूस गेला, आणि त्यांना तो जायला नको होता. तेव्हापासून रोज दुपारी चारला, चहाच्या वेळी, बाहेरच्या खोलीत तो एकदा खोकायचा. बाई दोन कप भरायच्या.

गुरुवारी राजांच्या दरीत ऊन मी म्हणत होतं. थडग्याच्या पायऱ्या उतरल्या तशी हवा कोंदट झाली. भिंतींवर निळेपिवळे देव ओळीने उभे. तळाशी माणसापेक्षा मोठी दगडी पेटी, झाकण फुटलेली.

"राजा कुठाय?"

"पेटी चोरांनी फोडली, मग पुजाऱ्यांनी त्याला दुसरीकडे हलवलं," एंजेलाने मोबाईलवर वाचून सांगितलं.

"बिचाऱ्याला कुणी मातीसुद्धा दिली नसेल गं."

उघड्या कबरीपाशी उभं राहिलं की हात आपोआप मातीकडे जातो, जन्माची सवय. बाई वाकल्या, जमिनीवरची चिमूटभर धूळ उचलली आणि पेटीत सोडली.

आतून खोकला आला.

एकदाच.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ नगरच्याच वेळेवर ठेवलं होतं. त्यात चार वाजले होते.

"अहो, तुम्हाला नव्हती दिली ती!" बाई कळवळून म्हणाल्या.

"मावशी, कुणाशी बोलतेस?"

पेटी रिकामीच होती.

घरी परतल्यावर पहिल्या दिवशी चार वाजून गेले. चहावर साय धरली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई बाहेरच्या खोलीत बसून हमसाहमशी रडल्या. दोन वर्षं जिवापाड धरून ठेवलेला माणूस त्यांनी परमुलखात, दुसऱ्याच्या पेटीत सोडला होता.

तिसऱ्या दिवशी त्या कबरस्तानात गेल्या. राखणदार रामहरी यशयाच्या कबरीपाशी घमेलं घेऊन उभा होता. कबर मधोमध खचली होती.

"गुरवारी दुपारी खचली, बाई. पाऊस न्हाई, पानी न्हाई."

"मग भरून घ्या ना, रामहरी."

"तीस घमेली टाकली." तो खड्ड्याकडे बघत नव्हता. "पर माती खाली पडल्याचा आवाजच येत न्हाई."