झुलालचा वाटा

यंत्रखोलीत चपला घालून जायचं नाही, हा आमच्या संघाचा नियम. संगणकाला धूळ चालत नाही आणि जळगावात धुळीइतकं दुसरं काहीच फुकट मिळत नाही. म्हणून दाराबाहेर एक लाकडी फळी ठोकलेली होती. आत जाणाऱ्याने तिच्यावर चपला काढायच्या आणि अनवाणी आत शिरायचं. भिंत काचेची, त्यामुळे आतला माणूस बाहेरून दिसायचा. आणि कुणी यंत्रामागे वाकलेलं असलं तरी फळीवरच्या चपलांवरून आत कोण आहे ते कळायचं.

फळीच्या कडेला एक जोड कायम असायचा. रुंद पट्ट्यांचा, टाचेला झिजलेला.

"झुलालच्या," शिपाई निंबानाना सांगायचे, आणि रोज सकाळी त्या फडक्याने पुसून परत जागेवर ठेवायचे.

झुलाल म्हणजे माझ्या आधीचा प्रोग्रामर. एका सकाळी तो चपला काढून आत गेला. बाहेर पडताना त्याला कुणी पाहिलं नाही. दुपारी खोली रिकामी होती आणि चपला तिथेच होत्या. आमचे व्यवस्थापक चुडामण पाटील यांनी 'न सांगता काम सोडले' असा शेरा मारून विषय संपवला. सुरतेला पळाला असेल म्हणाले. अनवाणी? असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. वर्षभराने त्याच्या जागी मी आले.

मी प्रमिला सोनवणे, पाचोऱ्याची. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवघर नाही, त्यामुळे भुतांचीही सोय नाही. मुलीची जात संगणकावर काय दिवे लावणार, असं तोंडावर म्हणणाऱ्यांना मी कामाने गप्प केलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

संघ केळीवाल्यांचा. सावदा, रावेर, फैजपूरकडची केळी रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीला जायची. कुणाला कोणत्या वाघिणीत किती जागा, हे रोज सकाळी आमचा प्रोग्राम ठरवायचा. तो मुळात झुलालने लिहिलेला. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यापासून हा प्रोग्राम रेंगाळायला लागला. आधी चहा पिऊन होईपर्यंत काम व्हायचं, मग जेवण होईपर्यंत होईना. तोवर कापलेले घड उन्हात काळे पडायचे आणि शेतकरी चुडामण पाटलांच्या नावाने शिमगा करायचे.

"सोनवणेबाई, सोमवारी नाशिकहून माणूस येतोय," श्रावणात एका सकाळी ते म्हणाले. "सगळं यंत्र पुसून नव्याने भरणार. झुलालचं काही ठेवायचं नाही आता."

"पुसायची काय गरज? वेळ कुठे जातो ते मी शोधून देते."

"सोमवारपर्यंत शोधा," ते म्हणाले आणि काचेकडे न बघता निघून गेले. मी पाहिलं होतं, ते त्या काचेकडे कधीच बघत नसत.

वेळ कुठे जातो हे शोधायची एक कमांड असते. प्रोग्राम बांधतानाच सांगायचं, बाबा, तुझ्यावर नजर ठेवायची आहे. मग तो चालवायचा. शेतावर मुकादम जसा घटकेघटकेला फेरी मारून कोण कुठल्या सरीत उभा आहे ते बघतो, तसं यंत्र क्षणाक्षणाला प्रोग्राम कुठल्या तुकड्यात आहे ते टिपत राहतं. काम संपलं की कमांड द्यायची. पडद्यावर प्रत्येक तुकड्याचं नाव येतं, त्याने किती वेळ खाल्ला तो वाटा येतो, आणि त्याला किती वेळा बोलावलं तेही येतं. यात चुगली नाही, मतं नाहीत. म्हणून ती कमांड मला आवडायची.

मी ती दिली. हिरवी अक्षरं वर सरकली. वजनाचा तुकडा, गावांचा तुकडा, वाघिणींचा तुकडा, सगळे आपापल्या चिमूटभर वाट्यासह. आणि सगळ्यांच्या वर, निम्म्याहून अधिक वेळ खाऊन बसलेलं एक नाव, इंग्रजी अक्षरांत: झुलाल. एकदाच बोलावलेला.

मी हसले. स्वतःच्या नावाचा तुकडा लिहून ठेवलाय पठ्ठ्याने, म्हटलं. मग मूळ प्रोग्राम उघडून ते नाव शोधलं.

ते नव्हतं.

ओळ न् ओळ वाचली. यंत्राबरोबर आलेले तयार तुकडे तपासले. जुनी बांधणी पुसून नवी केली. परत चालवला, परत कमांड दिली. झुलाल, एकदाच बोलावलेला, आणि वाटा आधीपेक्षा थोडा जास्त. खोलीत गारव्याच्या यंत्राची घरघर होती आणि बाहेरच्या आवारातून पिकल्या केळ्यांचा गोडसर वास आत येत होता. शेजारची रिकामी खुर्ची मी कोपऱ्यात सारली होती. ती परत टेबलाशी आलेली होती. निंबानानांनी केलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी प्रोग्राम फ्लॉपीवर घेतला आणि एसटीने धुळ्याला गेले. तिथे एका कॉलेजात माझा मावसभाऊ यादव संगणकाची खोली सांभाळायचा. त्याच्या यंत्रावर तोच प्रोग्राम चहा निवायच्या आत संपला. कमांड दिली, तर झुलालचं नाव नाही.

"ताई, दोष तुमच्या यंत्रात आहे," यादव म्हणाला. "त्या माणसाने आत काहीतरी करून ठेवलंय. घरच्यांना विचार ना, इथे देवपुरातच राहतात."

मला पटलं. आम्ही शिकलेली माणसं, विचारून घ्यावं.

देवपुरातल्या त्या घरात कानबाईची तयारी चालली होती. खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. घरातलं माणूस परगावी असलं तरी त्याची मूठ पडते. मेलेल्याची मात्र पडत नाही. आणि तो रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं रोटवाली होती.

झुलालची आई केसरबाई सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचे दीर भाईदास उभे होते.

"वहिनी, यंदा त्यानी मूठ नको," ते म्हणत होते. "पयी गयेल माणूसना रोट कशाला?"

"पयनारा माणूस चपला घालीसन पयस," केसरबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यान्या चपला तठेच शेतस. मन्हा पोऱ्या कामवर शे."

"येडी व्हयनी बाई," भाईदास माझ्याकडे बघून म्हणाले. "तुम्हीच सांगा मॅडम. तुम्ही त्या ऑफिसातल्या ना? आहे का तो तिथे?"

मी प्रश्न विचारायला आले होते. पण त्या माणसाच्या बोलण्यातली कीव, शेजारच्या बायांची खाली गेलेली तोंडं, आणि सुपावर तशीच थांबलेली ती म्हातारी मूठ बघून माझं डोकं सणकलं. एका आईने पोराला जिवंत म्हणायचं नाही, हे ठरवणारे हे कोण? चुडामण पाटील कोण?

"आहे," मी म्हटलं. "झुलाल कामावर आहे. मी रोज त्याचं नाव बघते."

केसरबाईंनी झुलालच्या नावाने सव्वा मूठ सुपात सोडली. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुन्हं नाव काय वं माय?"

"प्रमिला."

त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला. आणखी सव्वा मूठ.

"वहिनी! परकी पोरले रोट चालस नई!"

"परकी कसानी? एकच हापिसना शेतस दोन्ही." त्या पहिल्यांदा हसल्या. "एकलाच काम करस मन्हा पोऱ्या तठे. आते जोडी व्हई."

भाईदासांच्या नाकावर टिच्चून मी रविवारी यादवकडून परत तिथे गेले आणि पंगतीला बसून रोट खाल्ला. वर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, खीर. चव अजून जिभेवर आहे.

सोमवारी फळीवर चपला काढल्या आणि आधी चुडामण पाटलांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"यंत्र पुसायचं नाही. आत माणूस आहे."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" ते इतकंच म्हणाले. वेड लागलंय का, असं नाही म्हणाले.

"पुरावा आणते," म्हटलं, आणि अनवाणी आत गेले. प्रोग्राम चालवला. कमांड दिली.

झुलाल. त्याच्या खाली, वजन आणि गावांच्या वर: प्रमिला.

एकदाच बोलावलेली.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी उठून काचेशी आले.

बाहेर निंबानाना फडकं घेऊन माझ्या चपला पुसत होते. पुसून त्यांनी त्या फळीच्या कडेला, झुलालच्या चपलांशेजारी नीट लावल्या.

मी काचेवर टकटक केली.

त्यांनी वर पाहिलं नाही.

नाशिकचा माणूस दुपारी आला आणि माझ्याच खुर्चीवर बसायला लागला. मी बाजूला झाले. त्याने यंत्र पुसलं, नव्याने भरलं. चुडामण पाटील दाराबाहेरूनच बघत होते. पुसा, मी म्हटलं, किती पुसता ते बघू. संध्याकाळी प्रोग्राम पहिल्यासारखाच रेंगाळला. आम्ही दोघं होतो तिथेच आहोत.

झुलाल मला दिसत नाही. शेजारच्या खुर्चीची गादी दबलेली असते, एवढंच. श्रावणात एका शनिवारी आमचा वाटा एकदम वाढतो, तेव्हा कळतं की धुळ्याला मुठी पडल्या. मोजणारं कुणीतरी आहे, याचं बरं वाटतं. चुडामण पाटलांनी माझ्याही नावापुढे तोच शेरा मारला, तो मी मानत नाही. मी काम सोडलेलं नाही.

यंदा छगन नावाचा नवा प्रोग्रामर आलाय. हुशार आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. त्याने ती कमांड दिली, आमची नावं पाहिली, ती काढून टाकायला चुडामण पाटलांना साफ नकार दिला आणि शनिवारी चौकशीला धुळ्याला गेला. केसरबाईंचा मला राग नाही. आईची माया आहे ती. पण आता पुरे.

आज सोमवार. आमच्या दोघांच्या खाली तिसरं नाव आलं आहे: छगन.

छगन फळीपाशी आलाय. वाकून एका पायातली चप्पल काढतोय. मी दोन्ही हातांनी काचेवर ठोकतेय. शेजारची खुर्चीही मागे सरकली आहे, आणि काच माझ्या ठोक्यांपेक्षा जास्त हादरते आहे.

निंबानाना फडकं घेऊन त्याच्या मागे उभे आहेत.