निळ्या बाजूचा ट्युबावाला

ब्रिन घाईत होती, म्हणूनच त्याच्यावर जाऊन आदळली. सप्टेंबरचं ऊन, हिरवळीवर कॉलेजच्या क्लबांची टेबलं मांडलेली, आणि ती बॅग सावरत बस स्टॉपकडे पळत होती. त्याच्या हातातले रंगीत कागद गवतावर पसरले.

"नाचतेस का?" कागद गोळा करता करता त्यानं विचारलं.

"आत्ता?"

"गुरुवारी. स्विंग डान्सचा क्लब आहे. माझ्याबरोबर कोणी नाचत नाही."

"का?"

"पाय तुडवतो मी."

त्याचं नाव ओरिन. हसताना त्याची एकच भुवई वर जायची.

"मी दुसऱ्या वर्षाला. तू?"

"पहिल्या," ब्रिनच्या तोंडून निघून गेलं.

खरं तर ती बारावीत होती. ओहायोतल्या त्या गावात शाळेत असतानाच कॉलेजच्या तासांना बसता यायचं. ब्रिन सकाळी कॉलेजात, दुपारी पुन्हा शाळेत. अशा मुलांना क्लबातही मज्जाव नव्हता. पण त्या भुवईसमोर सतरा वर्षांचं असणं तिला एकदम नकोसं झालं.

मग गुरुवार येऊ लागले. हॉलच्या काचांवर पाऊस वाजायचा, त्याचा हात तिच्या पाठीवर अगदी हलका, जणू विचारून ठेवल्यासारखा. गाणं संपलं की दोघंही बॅगा उचलून पळत सुटायचे.

"कोणी वाट बघतंय वाटतं?" ती विचारायची.

"तुझी कोण बघतंय, ते सांग आधी..."

शाळेत मैत्रिणींच्या गप्पांत तिचं लक्ष लागेना, आणि कॉलेजात चोरासारखं वाटे. घरी ताटातल्या मक्याशी चाळा करत बसायची. आई म्हणायची, "खा की गं. कुठे असतेस हल्ली?"

ऑक्टोबर सरताना ओरिन म्हणाला, "शनिवारी कॉफी घेऊया? संध्याकाळी... म्हणजे, तुला चालत असेल तर."

आईला विचारावं लागणार. आईच गाडीनं सोडायला येणार.

"नको," ब्रिन म्हणाली. "नाही जमणार मला."

भुवई खाली आली. पुढच्या गुरुवारी ती गेलीच नाही.

शुक्रवारी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना होता. शाळेचं लाल जॅकेट घालून ब्रिन गरम कोकोच्या टेबलामागे उभी होती. पलीकडच्या गावच्या शाळेचा निळा बँड वाजत आत आला. शेवटच्या रांगेत, अंगाभोवती ट्युबाचं भलंमोठं पितळी वाद्य गुंडाळलेलं, डोक्यावर तुऱ्याची टोपी...

ओरिन.

मध्यंतरानंतर बँडला थोडा वेळ सुट्टी मिळते. तो कोको घ्यायला आला, आणि तिला बघून जागच्या जागी थांबला.

"दुसरं वर्ष ना?" ब्रिननं विचारलं.

"तुझं पहिलं ना?"

"बारावी."

"मीपण... बारावी." वाऱ्यानं तुरा त्याच्या नाकावर आला. "म्हटलं, शाळेतला आहे कळलं तर ही उभंसुद्धा करणार नाही."

"कॉफीला आई सोडायला आली असती. म्हणून नको म्हटलं."

"मला वाटलं, तुझं दुसरं कोणी आहे."

"वेडा आहेस."

"काल खुर्ची धरून नाचलो. तिचासुद्धा पाय तुडवला."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मला तू आवडतोस, ओरिन. कितवीत आहेस ते... राहू दे."

त्यानं पांढरा हातमोजा काढला आणि तिची कोकोनं चिकट झालेली बोटं हातात धरली. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात बँडची शिट्टी वाजली. कोको न घेताच तो पळाला.

ब्रिननं दोन कप भरले. टेबल मैत्रिणीच्या हवाली केलं, आणि मैदानाला वळसा घालून ती सरळ पाहुण्यांच्या निळ्या बाजूला गेली. बँडच्या कडेला, ओरिनच्या अगदी शेजारी बसली. तिला बघून त्याचा एक सूर भलतीकडेच गेला.

"ए लाल जॅकेट," मागून कोणीतरी हाक मारली, "चुकून आलीस का इकडे?"

"नाही," एक कप ओरिनच्या पायाशी ठेवत ब्रिन म्हणाली. "मुद्दाम आलेय."