पाव ठकूबाई

कुठं किती माणसं राहतात याचा हिशेब ठेवणाऱ्या जनजाळी केंद्राच्या थंडगार खोलीत भिंतभर नकाशा उजळला होता. सगळ्या जिल्ह्यावर बारीक चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. डॉ. शलाका रेडीज यांनी डोंगरमाथ्यावरची एक चौकट मोठी केली. शून्य पूर्णांक पंचवीस शतांश.

"म्हंजे पाव," ठकूबाई झोरे म्हणाल्या. "अख्खी बाई तुझ्यासमोर बसलीय, आणि तुझं यंत्र पाव म्हणतंय?"

त्या डोंगर उतरून आल्या होत्या ते भांडायलाच. बाकीची वाडी पायथ्याच्या नव्या वसाहतीत राहायला गेली होती. ठकूबाई गेल्या नाहीत. स्वतः बांधलेलं घर टाकून सिमेंटच्या खुराड्यात जायला त्या काय कोंबडी होत्या? पण झरा आटत चालला होता आणि उडती पाणगाडी त्यांच्या डोक्यावरून सरळ निघून जायची. गाडी पाणी सोडण्याआधी ज्याला त्याला नाव विचारते, असं खाली गेलेल्या मुलानं, बिरूनं, सांगितलं होतं. त्यांना पाण्याइतकंच ते नाव विचारणं हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

शलाकानं समजावलं. जनगणना फक्त गावाचा एकूण आकडा देते, तीनशे. कोण कुठं राहतं ते तिला ठाऊक नसतं. मग यंत्र उपग्रहातून छपरं आणि संध्याकाळचे दिवे बघून ती तीनशे माणसं चौकटींवर वाटतं. जास्त उजेड, जास्त माणसं. पुढच्या जनगणनेपर्यंत तीनशेचे तीनशेच राहतात.

"तुमच्या एका मिणमिणत्या दिव्याच्या वाट्याला पाव माणूस येतो, आजी. अर्ध्याच्या खाली आकडा असला की गाडी थांबत नाही."

"आणि माझी उरलेली पाऊण?"

"ती खाली वसाहतीत धरली जाते." हे सांगताना शलाकाला ओशाळल्यासारखं झालं. पण नियम बदलणं तिच्या हातात नव्हतं.

ठकूबाईंनी यातलं दिव्यांचं तेवढं ध्यानात ठेवलं.

गेलेल्यांनी किल्ल्या त्यांच्याकडेच ठेवल्या होत्या आणि लख्ख उजेडाचे सौरदिवे घरात तसेच होते. रोज तिन्हीसांजेला ठकूबाई बंद घरं उघडून एकेक दिवा लावू लागल्या. काही दिवसांनी पाणगाडी घरघरत अंगणात उतरली.

"नाव सांगा."

त्यांनी पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. पिंपात पाणी पडलं. "पुढची व्यक्ती?" बिरू. "पुढची व्यक्ती?" सून तानाई. मग शेजारची गंगू, तिचा दमेकरी नवरा, सगळी वाडी. "गंगे, रांगेत नीट उभी ऱ्हा," असंही त्या मध्येच म्हणाल्या. रिकाम्या अंगणानं ऐकून घेतलं.

पंधरवड्यानं बिरू रिकामे कॅन घेऊन वर आला. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. ठकूबाईंनी लगबगीनं चहा टाकला. त्यानं कपाला हात लावला नाही. वसाहतीतली त्यांची शेवटची गल्ली कोरडी पडली होती. त्याच्या धाकट्या पोरीला ताप भरला होता आणि कपाळावर ठेवायच्या पट्टीपुरतंही पाणी नव्हतं. केंद्रात विचारलं तर म्हणाले, तुमची तीस माणसं डोंगरावर गेलीत.

"कोण आलंय गं वर, आये?"

त्यानं उजळलेल्या घरांकडं पाहिलं. मग भरलेल्या पिंपांकडं. ठकूबाईंना तेव्हा शलाकाच्या बोलण्यातलं उरलेलं अर्धं आठवलं. तीनशेचे तीनशेच. ज्यांना इथं नावानं हाका मारल्या, ती माणसं तिकडून उचलली गेली होती.

त्या उठून एकेका घरात गेल्या, दिवा मालवला, दाराला कडी घातली. बिरू मागं मागं चालला होता. शेवटी त्यांचा स्वतःचा दिवा तेवढा उरला.

"आता तरी खाली चल," कॅन भरता भरता तो म्हणाला.

"कशाला? पाऊण मी तुझ्याच घरी हाय. सरकारचा हिशेब हाय त्यो. तिला येळेवर जेवायला घालत जा. आणि तिच्या वाटणीचं पाणी वर आणून द्यायचं."

बिरूला हसू आलं आणि मान खाली घालून तो कॅनची झाकणं आवळू लागला. पाणी घेऊन येतो म्हणाला. आला. पहिले काही दिवस रोज, मग एक दिवसाआड, मग बाजाराच्या दिवशी.

एका संध्याकाळी पाणगाडी डोंगरमाथ्यावरून गेली, न थांबता. ठकूबाई अंगणात उभ्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी वर बघून नाव सांगितलं. अख्खं.